चौकटीवरचा पट्टा

आज इथे इस्रायलमध्ये, अश्दोदला, एका प्रदर्शनासाठी फोटो द्यायला गेले होते. निवडणाऱ्या बाईंनी बारा फोटो चाळले. आम्हा बेने इस्रायलांच्या, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, मलिद्याचं, प्रसादाचं ताट लगेच उचललं. पोहे, खोबरं, वर फळं, गुलाब, म्हणजे रंगीत! आणि एक फोटो बाजूला सारून म्हणाल्या, "यात काहीच नाही. इंडियाचं काहीतरी द्या ना, साड्या, हत्ती."

हत्ती! अलिबागला!

तो "काहीच नाही" फोटो आमच्या जुन्या घराच्या चौकटीचा आहे. हिरवा ऑइलपेंट, आणि आत शिरताना उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर, बोटभर लांबीचा एक उभा पट्टा, बिनरंगाचा. वर एक भोक, खाली एक भोक. तिथे आमची मेझुझा होती, ज्यू घरांच्या दाराला लावतात ती पवित्र वचनांची छोटी डबी. घर विकलं तेव्हा आजोबांनी ती काढून घेतली आणि इकडे येताना सोबत आणली.

बरं, बाईंचंही थोडं खरं आहे, फोटो काळोखा आलाय. पण म्हणून काहीच नाही?

इथे मी "इंडियन". आणि तिथे, फोटो काढायला गेले तेव्हा रिक्षावाला दादा कौतुकानं म्हणतो, "ताई, मराठी कुठे शिकलात?" अरे बाबा, अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला आमचं गलबत फुटलं म्हणतात, ते कोण जाणे किती शतकांपूर्वी! आम्ही घाणा चालवला, शनिवारी बंद ठेवला, म्हणून तुम्हीच आम्हाला शनवार तेली म्हणालात. त्याचा काय दोष म्हणा. आता त्या गावात आमचं उरलंय कोण?

आणि इकडे? लग्न करायचं तर आमच्या आज्या-पणज्या तपासायचा नियम निघाला होता. माझे मामा १९६४ साली जेरुसलेमला धरण्यावर बसले, तेव्हा कुठे संसदेनं सांगितलं की हे पूर्ण ज्यू आहेत. मामा गेले, पण तो विषय निघाला की शेवटपर्यंत त्यांचा आवाज चढायचा. माझाही चढतो. जाऊ दे.

पट्ट्याचं सांगायचं राहिलं. आत्ताच्या मालकीणकाकूंना विचारलं, सगळं घर दोनदा रंगवलंत, मग एवढंच का सोडलं? चहाचा कप माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "तुमच्या देवाची जागा ना ती? तिथं ब्रश फिरवायला हात होईना."

मी त्यांचा फोटो काढायचंच विसरले.

उद्या तोच फोटो पुन्हा घेऊन जाणार आहे. मोठा करून.