खुलासा : मजूर पक्षाचे पहिले पंतप्रधान मॅकडोनाल्ड नव्हेत

‘रॅम्से मॅकडोनाल्ड, १९२४ : जगातले पहिले मजूर पंतप्रधान’ हा मजकूर सगळीकडे फिरतोय. परवा मीही तो पुढे पाठवला; चूक झाली, माफ करा. मॅकडोनाल्ड पहिले, पण ब्रिटनपुरते. ऑस्ट्रेलियात ख्रिस वॉटसन त्याआधी जवळपास २० वर्षे, २७ एप्रिल १९०४ रोजीच पंतप्रधान झाले. तिथल्या सरकारी नोंदींत ही तारीख आहे. छापखान्यात शिशाचे खिळे जुळवणारा हा कंपोझिटर कामगार संघटनेतून वर आला आणि ३७व्या वर्षी सरकारचा प्रमुख झाला. बहुमत नव्हतं, त्यामुळे मालक-कामगार वाद सोडवणाऱ्या औद्योगिक लवादाच्या विधेयकावरून चार महिन्यांच्या आतच सरकार पडलं. पण काळ थोडा म्हणून त्यांचा मान दुसऱ्याला देणं मला पटत नाही. जुना मजकूर कृपया पुढे पाठवू नका. पाठवला असेल तिथे ही दुरुस्ती टाका.