‘रिपोर्ट नॉर्मल म्हणजे दुखणं मनाचं’ हा मेसेज पुढे पाठवायच्या आधी एवढं वाचा

गेले पंधरा दिवस सोसायटीच्या, माहेरच्या आणि मुलांच्या शाळेच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की पोट सारखं दुखत असेल तर डॉक्टरकडे खेटे घालू नका, सरळ फुल बॉडी पॅकेज करा, त्यात जे ठळक अक्षरात येईल तोच तुमचा आजार, आणि सगळं नॉर्मल आलं तर दुखणं मनाचं, दुर्लक्ष करा. यातल्या एकेका वाक्यातून मी चौदा महिने गेलेय, म्हणून लिहितेय.

आधी ठळक अक्षरांचं बघू, म्हणजे लॅबच्या रेंजबाहेर गेलेला आकडा रिपोर्टमध्ये ठळक छापतात त्याचं. लॅबची रेंज साधारण कशी ठरते, तर निरोगी लोकांचं रक्त तपासतात आणि त्यातल्या मधल्या 95 टक्के लोकांचे आकडे म्हणजे नॉर्मल. उरलेले 5 टक्केसुद्धा निरोगीच असतात हो! म्हणजे ठणठणीत माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या 20 तपासण्या केल्या तर एखादी तरी ठळक यायची शक्यता 64 टक्के होते, आणि पॅकेजमध्ये तर साठ-सत्तर असतात. माझ्या भावाचं बिलिरुबिन 1.6 आलं, आईने लगेच कावीळ समजून तेल-तूप बंद केलं, उसाचा रस सुरू केला. नंतर कळलं की काही लोकांचं ते जन्मापासूनच जरा जास्त असतं, गिल्बर्ट म्हणतात त्याला, त्याने काही बिघडत नाही आणि उपाशी राहिलं की आकडा अजून चढतो. पॅकेजसाठी तर तो आदल्या रात्रीपासून उपाशीच होता.

टायफॉइडसाठी करतात ते माझं विडाल पॉझिटिव्ह आलं होतं. अंगात ताप नाही, तरी टायफॉइड म्हणून दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला, पोट अजून बिघडलं ते वेगळंच. विडाल ही 1896 सालची टेस्ट आहे, ती जंतू शोधत नाही, जंतूंशी लढायला शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी मोजते, आणि या अँटिबॉडी जुन्या टायफॉइडमुळे, लसीमुळे किंवा दुसऱ्याच इन्फेक्शनमुळेही असू शकतात. खरंच टायफॉइडची शंका असेल तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी ब्लड कल्चर करतात, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघतात. मला तेव्हा हे कोणीच सांगितलं नाही, याचा राग अजून येतो.

आता ‘नॉर्मल म्हणजे मनाचं’. सोनोग्राफीत लिव्हर, पित्ताशय, किडनी, गर्भाशय दिसतं, पण जठरातला अल्सर साधारणपणे दिसत नाही, त्याला एंडोस्कोपी लागते. आणि रिपोर्टमध्ये ‘पॅन्क्रियास ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस’ असं लिहिलेलं असतं ना, ते वाचून आम्ही सगळे म्हणालो, बघ, गॅसच आहे. त्याचा अर्थ एवढाच की मध्ये हवा आल्याने स्वादुपिंड नीट दिसलं नाही. आयबीएसला (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याच्या कामातला बिघाड) तर ठरलेली एक टेस्टच नाही, ते तुम्ही काय सांगता त्यावरूनच ओळखतात, आठवड्यातून किती दिवस दुखतं, संडासला जाऊन आलं की बदलतं का, वगैरे. रिपोर्ट कोरा म्हणून ती कळ खोटी होत नाही.

माझं निदान झालं ते टिळक रोडवरच्या एका छोट्या दवाखान्यात. मॅडमनी फाईल बाजूला ठेवली आणि विचारलं, नेमकं कधी दुखतं? मी म्हटलं, गाडी डबल स्टँडवर लावताना जीव जातो. त्यांनी मला झोपवलं, एका बोटाने दाखव म्हणाल्या, बेंबीच्या उजवीकडे रुपयाएवढी जागा होती. तिथे बोट ठेवून म्हणाल्या, आता हात न टेकता मान आणि खांदे उचल. मी ओरडलेच! पोट कडक केल्यावर दुखणं वाढलं तर ते बहुतेक आतल्या अवयवाचं नसतं, पोटाच्या भिंतीचं असतं, 1926 साली कार्नेट नावाच्या अमेरिकन सर्जनने सांगितलेली खूण आहे ही. स्नायूत एक नस, म्हणजे मज्जातंतू, अडकली होती. त्या जागी भूल द्यायचं इंजेक्शन दिलं आणि दहा मिनिटांत मी सरळ उभी राहिले, चौदा महिन्यांनी. पुढे अजून एकदा घ्यावं लागलं, सगळ्यांना एवढ्यात बरं वाटतंच असं नाही. पण ही नस कुठल्याच पॅकेजमध्ये दिसली नसती.

आणि ‘डॉक्टरकडे जाऊ नका’ हे तर सगळ्यात घातक. वजन आपोआप उतरतंय, संडासवाटे रक्त जातंय किंवा शौच डांबरासारखी काळी होतेय (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, तेही सांगा), दुखण्याने रात्री जाग येते, डोळे पिवळे, उलट्या थांबत नाहीत, ताप आहे, हिमोग्लोबिन घसरलंय, यातलं काहीही असेल तर थांबू नका. छातीच्या खाली, पोटाच्या वरच्या भागात अचानक दुखून घाम फुटला तर सोडा पीत बसू नका, लगेच ईसीजी काढा, हार्ट अटॅक असाही येतो.

जाताना तारखांची नोंद न्या. मी कालनिर्णयवर खुणा केल्या होत्या, कधी दुखलं, काय खाल्लं, पाळी कधी आली, आणि पानंच फाडून नेली होती.

ज्या काकूंनी तो मेसेज टाकला त्यांची सून तीन आठवडे पोट धरून बसलीये, रिपोर्ट नॉर्मल आहेत म्हणून. आज संध्याकाळी तिच्याशी बोलले, रात्री झोपेतून उठवतं म्हणाली. उद्या सकाळी साडेनऊला मी तिला घेऊन जातेय.