‘खायचा नाही तर पकडता कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

रत्नागिरीतल्या शास्त्री खाडीत फ्लायने, म्हणजे पिसं-केस बांधलेल्या गरीने (गळाने), जिताडा हा मासा कसा पकडावा, या माझ्या लेखाखाली ‘खाडीवाला’ या नावाने एक प्रतिक्रिया आली आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्यांचं म्हणणं असं: फ्लाय फिशिंग ही ट्राउटसाठीची पद्धत, कोकणात ट्राउट नाही, मग तिचं इथे काय काम? मासा खायचा नसेल तर त्याला छळायचं कशाला, ही ज्यांना पोटाची चिंता नाही अशा शहरी लोकांची थेरं आहेत. रॉड-दोरीचा खर्च लेखात कुठेच नाही. आणि असले लेख वाचून उद्या गाड्या भरभरून लोक खाडीवर येतील. दोन ओळींत उत्तर देणं मला जमेना, म्हणून वेगळं लिहितोय.

आधी जे खरं आहे ते. ट्राउट कोकणात नाही, शंभर टक्के मान्य. त्याला थंड, वाहतं पाणी लागतं. काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार इथे इंग्रजांच्या काळात तो बाहेरून आणून सोडला आणि तिथल्या थंडीत तगला. आपल्या नद्यांच्या एप्रिल-मेच्या पाण्यात त्याचा टिकाव लागायचा नाही. रॉड आणि दोरीला किती खर्च येतो हेही लेखात दिलं असतं तर बरं झालं असतं, तेही मान्य.

पण पद्धत काही एका माशाच्या नावावर केलेली नसते. इथे गरीला वजन नसतं, वजन असतं ते दोरीला. ती हवेत मागेपुढे खेळवून पिसं-केस बांधलेली गरी हवी तिथे टाकायची, एवढंच. ओहोटी लागली की खाजणातलं, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतलं, पाणी उघाडीतून, म्हणजे बांधाच्या दारातून, खाडीत पडायला लागतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोय माशाची पिल्लं बाहेर येतात, आणि जिताडा त्या धारेच्या कडेला तोंड वर करून उभा असतो. त्या धारेत पिसाची गरी पिल्लासारखी हलली की तो धावतोच. ऑस्ट्रेलियात बारामुंडी म्हणून ज्याच्यामागे लोक फ्लाय घेऊन फिरतात तो हाच मासा, मालवणकडचा चोणक.

आता तुमचं ते मधलं वाक्य. शहरी? अहो, तुम्ही मला कुठे पाहिलंत? माझा जन्म याच खाडीवरच्या फुणगूस गावाच्या पलीकडच्या काठावरचा. आमच्या घरात जे मासे शिजले ते बहुतेक वडिलांच्या गरीचे. शेतातून आले की गरीला कोळंबी लावून भरतीच्या आधी ते खडकावर जाऊन बसायचे आणि मला शेजारी बसवायचे. ‘गरी पाण्यात असली की बोलायचा नाय’ हा त्यांचा नियम मी आजही पाळतो. ज्या दिवशी गरीला काही लागायचं नाही त्या दिवशी ताटात सुका जवळा आणि भात. पोटाची चिंता म्हणजे काय, हे मला नाव न सांगणाऱ्या माणसाकडून शिकायचं नाही. नोकरीसाठी काही वर्षं ठाण्यात काढली म्हणून मी शहरी होत असेन, तर कोकणात दर घरामागे एक तरी शहरी निघेल. आणि नावात खाडी घातली म्हणून खाडी तुमच्या एकट्याच्या मालकीची होत नाही.

मी सगळे मासे सोडतो, असं तुम्ही गृहीत धरलंत. लेख नीट वाचला असतात तर दिसलं असतं की मध्यम आकाराचा जिताडा मी घरी नेतो आणि त्याचं कालवण होतं. सोडतो तो मोठा. त्याला कारण आहे. जिताडा आधी नर असतो. काही वर्षं नर म्हणून काढतो आणि पुरेसा वाढला की मादी होतो. म्हणजे खाडीतले सगळ्यात मोठे जिताडे जवळजवळ सगळे माद्याच. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी अशी एक मादी लाखोंनी अंडी घालते, आणि पिल्लं वर येऊन कांदळवनाच्या मुळांत, खाजणात वाढतात. तीच कापून वाटे घातले तर पुढच्या वर्षी उघाडीपाशी उभं कोण राहणार? खाडी जपायची भाषा तुम्ही करता, मग हा हिशोब तुम्हीच मला सांगायला हवा होता.

राहिला छळ. मासा दमतो, हे मी नाकारत नाही. म्हणूनच दोरी जाड वापरतो, की त्याला लवकर काठाला आणता यावं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो, म्हणून मे महिन्यात भर दुपारी गरी टाकत नाही. गरीचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून सपाट केलेला असतो. मासा जवळ आला की हात ओले करायचे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे रोग शिरतो. कल्ल्यात बोट घालायचं नाही. तिथे त्याला इजा होते, आणि कल्ल्याच्या झाकणाची कड इतकी धारदार असते की बोटही कापतं. त्याला पाण्यातच धरून गरी सोडवायची, तोंड प्रवाहाकडे करायचं आणि तो शेपटी मारून स्वतःहून सुटेपर्यंत थांबायचं. कोळंबी लावलेली गरी मासा गिळतो, ती घशाच्या आत जाते आणि असा मासा सोडला तरी बऱ्याचदा मरतो. पिसाची गरी बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात लागते. वडिलांच्या गरीला मी नावं ठेवत नाही. ते खायलाच मासा आणत होते, सोडायचा प्रश्नच नव्हता.

आणि माशाच्या छळाची तुम्हाला एवढी चाड आहे, तर चढणीच्या माशांबद्दल कधी लिहिलंत? पहिल्या पावसात अंड्यांनी भरलेले मासे ओढ्याने वर चढतात आणि वाडीच्या वाडी जाळी घेऊन उतरते. कुठे ओढ्यात ब्लिचिंग पावडर ओततात, तेव्हा बोटभर पिल्लंसुद्धा पोट वर करून तरंगतात. तिथे तुमचा शब्द नाही. एक मोठी मादी जिवंत सोडणारा माणूस मात्र तुम्हाला लगेच दिसला.

मासा हाताशी असून न मारणं ही चैन आहे असा तुमचा सूर आहे. महाडजवळ काळ नदीच्या वाळणकोंडीत जाऊन या. वाड्याजवळ तिळसे इथे वैतरणेच्या डोहात बघून या. तिथले महाशीर देवाचे मासे म्हणून गावांनी राखले आहेत, लोक त्यांना खाऊ घालतात, कुणी गरी टाकत नाही. त्या गावांना पोटाची चिंता नव्हती, असं म्हणायची तुमची तयारी आहे का?

गाड्या भरून लोक येतील, हा मुद्दा राहिला. मी जागा सांगितलेली नाही, आणि ज्यांना यायचं ते लेख न वाचताही येतात. त्यावर यापेक्षा जास्त बोलायचं नाही मला.

मोठा जिताडा सोडू नये असं तुम्हाला खरंच वाटत असेल तर का वाटतं ते लिहा, मी वाचेन आणि उत्तरही देईन. मी कुठला, कोणाचा, हे ठरवणारी प्रतिक्रिया पुन्हा आली तर ती मी काढून टाकणार आहे.