व्हीआरएस आणि वॉटरकलर

व्हीआरएस घेतलेल्या माणसाला नाशकात दोनच प्रश्न विचारतात, प्लॉट कुठे घेतला आणि आता दिवसभर करता काय. पहिल्याला 'नाही घेतला' म्हटलं की लोक लगेच दुसऱ्यावर येतात, आणि मी 'काही नाही, आराम' म्हणालो की समोरच्याच्या तोंडावर असं काही दुःख पसरतं की मलाच त्याचं सांत्वन करावंसं वाटतं. मग तो म्हणतो, अहो प्रत्येकाच्या आत एक कलाकार दडलेला असतो, फक्त शोधावा लागतो. हे वाक्य मी बँकेच्या रांगेत ऐकलंय, मिसळीच्या टेबलावर ऐकलंय, आणि कॉलेज रोडला डेंटिस्टच्या खुर्चीत तोंड उघडं असताना ऐकलंय, तिथे तर उलट बोलायचीही सोय नाही.

माझं म्हणणं साधं होतं. आयुष्यभर मी अंबडच्या एमआयडीसीत क्वालिटीला. व्हर्निअर, मायक्रोमीटर, गो-नोगो गेज. दुसऱ्याने बनवलेल्या मालात खोट काढणे ही माझी कला, आणि ती कधीच लपलेली नव्हती, घरच्यांना विचारा, पोळीचा व्यास सुद्धा सुटलेला नाही.

पण पुण्याहून मुलगी आली आणि तिने शोधमोहीमच काढली. बाबा, तुम्ही लहानपणी काहीतरी करत असालच ना. मी नाही म्हणेपर्यंत हिने, म्हणजे बायकोने, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून माझं एलिमेंटरीचं सर्टिफिकेट काढून आणलं. ग्रेड सी. आता महाराष्ट्रात शाळेत गेलेल्या निम्म्या जनतेने ही परीक्षा दिलेली आहे, तांब्या आणि दोन वांगी समोर ठेवून वस्तुचित्र, मग संकल्पचित्र, आणि सगळ्यात घातक म्हणजे स्मरणचित्र, 'बाजारातील दृश्य' नाहीतर 'बसथांब्यावरील गर्दी'. आमच्या वर्गात सगळ्या बाजारातली सगळी माणसं पाठमोरी असायची कारण नाक कोणालाच यायचं नाही, आणि पावलं येत नाहीत म्हणून गुडघ्यापर्यंत गवत. भर मंडईत गवत. परीक्षकांनी सी दिला हेच खूप, पण मुलीला तो सी म्हणजे पुरावा वाटला. म्हणाली, बघा, होतं ना आत काहीतरी!

मधे थोडे दिवस कविता पण झाली, ती लवकर आटपतो. ज्या गावात तात्यासाहेब शिरवाडकर टिळकवाडीत राहायचे, ज्यांना 1987 चं ज्ञानपीठ मिळालं, ज्यांच्या वाढदिवसाला, 27 फेब्रुवारीला, अख्खा महाराष्ट्र मराठी भाषा गौरव दिन साजरा करतो, त्या गावात कविता करायची म्हणजे छाती लागते. शिवाय इथे ऐकणाराही कवीच असतो. मी सोसायटीच्या कट्ट्यावर पहिलं कडवं वाचलं तर शेजारच्या काकांनी खिशातून स्वतःची चार पानं काढली. मी उठलो, ते अजून वाचताहेत बहुतेक.

मग वॉटरकलर. का, तर नाशिक हे जलरंगवाल्यांचं गाव आहे, रविवारी सकाळी गंगेवर गेलात (बाहेरचे गोदावरी म्हणतात, आम्ही गंगा) तर घाटाच्या पायऱ्यांवर बोर्ड मांडीवर घेऊन बसलेले लोक दिसतातच, शिवाजी तुपे सरांसारखी माणसं इथलीच, त्यामुळे कोणी म्हातारा ब्रश घेऊन बसला तरी गाव वळून बघत नाही. हा फायदा मला पटला. दुकानात गेलो तर कागदाची किंमत ऐकून आधी तोच जपून लॉकरमध्ये ठेवावा असं वाटलं. मी म्हटलं साधा द्या की, तर दुकानातला पोरगा म्हणे, काका, पातळ कागद पाण्याने फुगतो, 300 जीएसएमचाच घ्या. हे मला आवडलं. जीएसएम म्हणजे स्पेसिफिकेशन, स्पेसिफिकेशन म्हणजे आपला प्रांत. रंगात डिंक असतो हेही त्यानेच सांगितलं, आणि पांढरा रंग मागितला तर हसला, म्हणे जलरंगात पांढरं म्हणजे कागदच, जिथे पांढरं पाहिजे तिथे काहीच करायचं नाही. हे तर मला येतंच की! व्हीआरएसपासून तेच करतोय.

गंगेवर बसलो ते नारोशंकराच्या देवळासमोर. 1747 चं देऊळ, वर ती प्रसिद्ध घंटा, काम बारीक. मी सवयीने आधी सेंटर लाईन मारली, मग फुटपट्टी काढली, शिखराची उंची, घंटेचा व्यास, सगळं स्केलला. बाजूला एक कॉलेजचा मुलगा बसला होता, त्याचं चित्र तोपर्यंत पूर्ण होऊन वाळत होतं, त्याने माझ्या कागदाकडे पाहिलं आणि फार आदराने विचारलं, काका, टेंडर भरायचंय का?

पट्टी पिशवीत गेली. पुढच्या वेळी रामकुंडाजवळची दुतोंड्या मारुतीची मूर्ती घेतली. नाशिककरांना सांगायला नको, पण हा मारुती म्हणजे आमचं पूर मोजायचं गेज. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गाव क्युसेक वगैरे विचारत नाही, मारुतीच्या कुठपर्यंत आलं एवढंच विचारतं, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. त्यात मी व्हिडिओत पाहिलं होतं की कागद आधी ओला करायचा आणि ओल्यावर रंग सोडायचा. सोडला. आणि तो निघालाच की राव! निळा खालून वर चढायला लागला, मी टिश्यूने अडवायला गेलो तर बाजूने वळसा घालून आला, मारुतीचे गुडघे गेले, कंबर गेली, गदा गेली. मला खरं सांगायचं तर एवढं भारी वाटलं! सगळी नोकरी दोन मायक्रॉन इकडे की तिकडे यावर भांडण्यात गेली आणि इथे एक पदार्थ असा की जो ड्रॉइंग मानतच नाही, आणि त्याला रिजेक्टचा शिक्का मारायला पण कोणी नाही. मी नुसता बघत बसलो. कडेला तपकिरी मिसळला तर सगळं मळून गढूळ झालं, म्हणजे पुराचं पाणी असतं अगदी तसंच, ठरवूनही जमलं नसतं.

इथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण हिने फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली काही न लिहिता. महिना मे. पाचच मिनिटांत डोंबिवलीच्या मेव्हण्याचा फोन, दाजी, धरणातून पाणी सोडलं का हो एवढं, मारुती गळ्यापर्यंत गेलाय, तुम्ही सेफ आहात ना? हिने सांगितलं अरे ह्यांचं चित्र आहे ते. तिकडे जरा शांतता, आणि मग ग्रुपवर अंगठे, टाळ्या, हात जोडलेले, आणि एका मावशींचं 'दोन तोंडांपैकी कुठलं हे?'

त्या दिवसापासून माझी शांतता संपली. माझं प्रामाणिक मत असं आहे की आपल्याकडे दडलेला कलाकार शोधतात तो फक्त कामाला लावण्यासाठी. कोणी म्हणतं इन्स्टावर टाका, कोणी म्हणतं विकता का, साडूंना वडिलांचं पोर्ट्रेट पाहिजे, फोटो पाठवलाय त्यात वडील लग्नाच्या पंगतीत मागून तिसरे आहेत (पाठमोरे, म्हणजे मला जमण्यासारखे). वरच्या मजल्यावरच्या वहिनी मुलाला क्लासला पाठवणार म्हणून फी विचारून गेल्या, मी सी ग्रेड सांगितली तर म्हणाल्या, काका किती डाऊन टू अर्थ आहेत.

आणि मग सोसायटीची मीटिंग. पार्किंगची भिंत खराब दिसते, काका आहेतच, वारली काढून टाकू, सोपं असतं, त्रिकोणाला त्रिकोण लावला की माणूस. मी म्हटलं अहो सोपं कसं, डहाणूकडच्या जिव्या सोमा मशेंनी आयुष्य घातलं त्यात, 2011 ला पद्मश्री मिळाली, आणि मुळात लग्नाचा चौक लिहायचा मान बायकांचा, तांदळाच्या पिठाने, गेरूच्या भिंतीवर. तर सेक्रेटरी म्हणे, बघा, काकांचा अभ्यास पण आहे. ठराव टाळ्यांनी पास. मी हिच्याकडे पाहिलं, वाटलं ही तरी सोडवेल, तर ही म्हणाली, करतील की ते, पण तीन महिन्यांचा मेंटेनन्स माफ पाहिजे. दोनवर तुटलं. माझ्या कलेचा पहिला सौदा माझ्यासमोर झाला आणि मला कोणी रेट पण विचारला नाही.

गेरू आणलाय. तारपा नाच काढायचं ठरतंय, गोल फिरणारी माणसं, पावलं नुसती रेघेची, गवत लागणार नाही. काल चेअरमन साहेब मुद्दाम खाली येऊन भिंत बघून गेले, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, तुम्ही काय पाहिजे ते काढा हो, फक्त नदीबिदी नको, पार्किंगच्या लिकेजवरून आधीच बिल्डरशी केस चालू आहे.