गड्डा फेब्रुवारीत

आमच्या वेबसाईटच्या धंद्यात अडलं की नेटवर शोधायचं, ही रीत. पूर्वी शोधलं की उत्तर सापडायचं. आता लेख सापडतात.

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका चादरवाल्याची साईट माझ्याकडे आली, आधीच्या कुणीतरी करून सोडलेली. गड्ड्याच्या यात्रेनिमित्त 14 जानेवारीपासून सूट लावायची होती, आणि साईट दाखवत होती 14 फेब्रुवारी. मालकांचा फोन आला. "ओ साहेब, गड्डा संक्रांतीला असतोय की! तुमची साईट व्हॅलेंटाईनला सूट द्यायलीय. सिद्धेश्वर महाराजांचा अन् त्याचा काय संबंध?"

शोधायला बसलो. पहिल्याच लेखाची पहिली ओळ : ‘आजच्या वेगवान डिजिटल युगात तारखांना अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ आहेच, संक्रांत तोंडावर आली होती. मग वेबसाईट म्हणजे काय, आणि मग वेबसाईटमागच्या जावास्क्रिप्ट भाषेचं जन्माख्यान. साल 1995, कर्ता ब्रेंडन आइक, दहा दिवसांत भाषा तयार. भाषा दहा दिवसांत झाली, तिची प्रस्तावना तीस वर्षं चालू आहे. दुसऱ्या लेखातही आइक. तिसऱ्यातही तेच दहा दिवस, तीच वाक्यं, लॅपटॉपशेजारी कॉफीचा तोच मग. कोडमधलं एक चुकलेलं स्पेलिंगसुद्धा सगळ्यांनी भक्तिभावाने उतरवून घेतलेलं. आहेरात आलेलं ब्लाउजपीस घडी न मोडता पुढच्या लग्नाला जातं, तसा हा कारभार.

एका लेखात ‘समस्येचे मूळ’ असं ठळक अक्षरांत दिसलं, तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. खाली लिहिलं होतं : समस्येचे मूळ शोधणे महत्त्वाचे असते. शेवटच्या परिच्छेदात तारखांचा विषय संपला आणि घरसामान हलवणाऱ्या कंपनीची लिंक आली. कुठल्या पानाकडे किती लिंका येतात यावरून गूगल त्याची पत जोखतं, म्हणून हा उद्योग. अशा लिंका पत ठरवताना धरायला नकोत म्हणून गूगलने 2005 मध्ये ‘नोफॉलो’ची खूण काढली. ट्रकवाल्यांपर्यंत ती बातमी पोचलेली दिसत नाही.

उत्तर शेवटी एमडीएन या वेब-भाषांच्या संदर्भ-साईटवर मिळालं, एका ओळीत आणि आइकशिवाय. जावास्क्रिप्टमध्ये महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी शून्य, फेब्रुवारी एक. तारखा मात्र एकपासूनच, म्हणजे माणसाने गोंधळावं याची चोख व्यवस्था. ही खोड सी या जुन्या भाषेतून जावा भाषेत आणि जावातून इथे आली. मी एकाच्या जागी शून्य टाकला आणि गड्डा जानेवारीत आणला.

माझा भाचा इथेच इंजिनिअरिंगला आहे. तो रोज एक लेख टाकतो. मजकूर चॅटजीपीटीचा, शीर्षकातली रॉकेटची इमोजी याची.

"वाचतं कोण रे?"

"मामा, वाचायसाठी नसतंय ते. प्लेसमेंटवाल्यांना कन्सिस्टन्सी दिसायला पाहिजे."

चॅटजीपीटी आल्यावर आठवड्याभरातच, डिसेंबर 2022 मध्ये, स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साईटने त्याच्या उत्तरांवर बंदी घातली, हे मी त्याला सांगितलं. उत्तरं दिसायला बरोबर आणि बऱ्याचदा चूक, हे कारण. तो म्हणाला, दिसायला बरोबर असतात ना? मग मी हॅकटोबरफेस्टचा विषय काढला. ऑक्टोबर महिन्यात चार पुल रिक्वेस्ट करा, म्हणजे दुसऱ्यांच्या कोडमध्ये बदल सुचवा, आणि टी-शर्ट मिळवा, अशी डिजिटलओशन या क्लाउड कंपनीची तेव्हाची योजना. ओपन सोर्सला, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडला, हातभार लागावा हा चांगला हेतू. 2020 साली लोकांनी काय केलं, तर दिसेल त्या प्रोजेक्टच्या रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये ‘अमेझिंग प्रोजेक्ट’ एवढंच घुसडून पाठवलं. ते प्रोजेक्ट सांभाळणारे बहुतेक बिनपगारी. बिचारे कचरा उपसत बसले, आणि ऑक्टोबर जेमतेम सुरू झालेला असतानाच नियम बदलावा लागला : ज्या प्रोजेक्टची संमती असेल, तिथलंच काम मोजायचं. मी टॉवेल-चादरींच्या गावचा माणूस. कापडासाठी कुणी एवढं करेल हे मला आजही पटत नाही.

भाच्याने सगळं मान डोलवत ऐकलं.

"मामा," तो म्हणाला, "टी-शर्ट अजून देतायत का?"