लॉगबुकावर सही करण्यापूर्वी

एमबीबीएसचा अभ्यासक्रम २०१९ पासून क्षमताधारित झाला, पहिल्या वर्षापासूनच विद्यार्थी रुग्णांपर्यंत पोहोचू लागले आणि ठरावीक कौशल्ये शिक्षकाने स्वतः पाहून प्रमाणित करावीत, असे ठरले. पुण्यातील वैद्यकीय शिक्षक म्हणून मला हा बदल मनापासून पटतो. म्हणूनच वॉर्डातील पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी टेबलावर लॉगबुकांचा, म्हणजे या कौशल्यांच्या नोंदवह्यांचा, गठ्ठा येतो आणि एका बैठकीत सगळ्या सह्या उरकल्या जातात, तेव्हा फार वाईट वाटते.

विद्यार्थी केस सांगतो आणि आपण ऐकतो. पण तो रुग्णाला तपासत असताना आपण क्वचितच शेजारी उभे असतो. ‘यकृत हाताला लागत नाही,’ असे तो आत्मविश्वासाने म्हणतो. प्रत्यक्ष पाहिले तर त्याने हात थेट बरगडीखाली ठेवलेला असतो, त्यामुळे खूप वाढलेल्या यकृताची कडा त्याच्या बोटांच्याही खाली राहून जाते. उजव्या बाजूला ओटीपोटापासून सुरुवात करून, रुग्णाच्या श्वासाबरोबर हात वर न्यायचा, हे तिथेच त्याचा हात धरून दाखवायला दोन मिनिटे पुरतात. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, गुण कापून हे शिकवता येत नाही.

‘एवढेही येत नाही का?’ असे रुग्ण आणि नातेवाईक यांच्यादेखत विचारणे, हे अजूनही काही वॉर्डांत शिस्तीचे लक्षण मानले जाते. त्याचा सर्वाधिक फटका नंदुरबार किंवा बीडकडून मराठी माध्यमातून आलेल्या मुलामुलींना बसतो, कारण उत्तर ठाऊक असूनही इंग्रजी वाक्य जुळेपर्यंत प्रश्न पुढच्याकडे गेलेला असतो. रुग्णाने आपली हकिगत मराठीतच सांगितलेली असते. ती विद्यार्थ्याला आधी मराठीत सांगू द्यावी आणि मग संज्ञा दुरुस्त कराव्यात. त्याच्या विचाराची दिशा बरोबर आहे की नाही, हे तेव्हाच कळते.

रेसिडेंटांचा, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या निवासी डॉक्टरांचा, विचार याहून निकडीचा आहे, कारण इंटर्नना रात्री खरे शिकवतात ते तेच, आणि झोपेअभावी कातावलेला माणूस धीराने शिकवू शकत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कार्यदलाने २०२४ मध्ये त्यांच्या कामासाठी आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा सुचवली. रुग्णसंख्या आणि रिक्त पदे यांची अडचण खरी आहे, ती आपल्या हातात नाही. परंतु रात्रपाळी केलेल्या रेसिडेंटला सकाळचा राउंड संपल्यावर घरी सोडायचे की ओपीडीत बसवायचे, हे बहुतेक ठिकाणी युनिटप्रमुखच ठरवतात, आणि त्यासाठी मंत्रालयातून आदेश येण्याची वाट पाहावी लागत नाही.