गोठा: 25 पैकी 23

माझे साडूभाऊ टोरोंटोत राहतात आणि दर हिवाळ्यात बर्फाला कंटाळून क्युबाला जातात. आम्ही उन्हाला कंटाळून पन्हाळ्याला जातो, त्यातलाच प्रकार. फक्त आम्ही येताना कणसं खाऊन येतो आणि ते हवानाहून सिगार घेऊन येतात. यंदा डिसेंबरात कोल्हापूरला आले तेव्हा रात्रीची जेवणं उरकल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साडूभाऊ, गच्चीवर चला. तुमची जीभ चांगली आहे म्हणे."

माझ्या जिभेबद्दल आमच्या घरात एवढं चांगलं मत कोणाचंच नाही, त्यामुळे मी हुरळून गेलो. सिगारची किंमत विचारली, ती त्यांनी डॉलरात सांगितली. मी मनात गुणाकार केला. आमच्याकडे तेवढ्यात महिन्याचं दूध येतं.

गच्चीवर सासरे आधीच खुर्ची टाकून बसले होते. आप्पांची सगळी हयात निपाणीत तंबाखूच्या वखारीत गेली. त्यांनी लांबूनच पाहून विचारलं, "चिरूट व्हय?"

"चिरूट नाही आप्पा, सिगार," साडूभाऊ दुखावल्या आवाजात म्हणाले. आता चिरूट हा शब्द तमिळ 'सुरुट्टु'वरून, म्हणजे गुंडाळण्यावरून आला आणि सिगारही गुंडाळूनच करतात, तेव्हा आप्पांचं काय चुकलं मला कळेना. पण मी त्या रात्री परीक्षक होतो, परीक्षकानं बोलायचं नसतं.

साडूभाऊंनी मला एक छापील तक्ता दिला. रूप, बांधणी, चव, एकूण परिणाम. प्रत्येकी 25 गुण. "आणि 80 च्या खाली सहसा कोणी उतरत नाही," त्यांनी बजावलं. म्हणजे हल्लीचं दहावीचं बोर्ड.

मग शिकवणी सुरू झाली. सिगारची जाडी रिंग गेजमध्ये मोजतात. इंचाचे 64 भाग करायचे, आमची 50 ची होती. मी शेजारी अंगठा धरून पाहिला, अंगठा हरला. बाहेरचं पान वेगळं, त्याच्या आतलं बांधायचं पान वेगळं आणि पोटात भरलेली पानं आणखी वेगळी. झाडाच्या शेंड्याकडचं कडक पान सावकाश जळतं म्हणून ते मधोमध घालतात. हवानाच्या कारखान्यात सिगार वळणाऱ्यांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवायला 1865 पासून पगारी माणूस असतो, हेही कळलं. त्या नोकरीची जाहिरात निघाली तर मला कळवा, असं मी सांगून ठेवलं आहे.

जे टोक तोंडात धरायचं ते सिगारचं डोकं आणि जे पेटवायचं तो पाय. डोक्यावरची टोपी साडूभाऊंनी एका चकचकीत कातरीनं उडवली. अडकित्ता परदेशी शिकायला गेला असता तर असाच होऊन परतला असता. मग पाय शेकायचा. थेट जाळ लावायचा नाही. बाळंतिणीला शेगडी द्यावी तसा लांबून, फिरवत फिरवत. यात पाच मिनिटं गेली. आप्पांनी जांभई दिली.

"आता मिनिटाला एक झुरका. धूर आत घ्यायचा नाही, तोंडात खेळवायचा. आणि राख झाडायची नाही. राख जितकी लांब टिकेल तितकी बांधणी चांगली."

मी धुराची चूळ भरली. साडूभाऊ माझ्या चेहऱ्याकडे मुलीकडच्यांसारखे बघत होते. "काय लागतंय? कोको? देवदार? भाजलेली कॉफी?"

खरं सांगायचं तर मला आजोळचा गोठा लागत होता. पावसाळ्यातला. कोपऱ्यात ओली कडब्याची पेंढी, खुंटीला जुनं चामडी जोतं, खाली जमिनीत मुरलेलं बरंच काही. दोन-तीनदा कोको शोधला, तो नव्हता. शेवटी बायकोच्या माहेरचं माणूस दुखावलं तर दुखावलं म्हणून बोलून टाकलं, "गोठ्याचा वास येतोय."

साडूभाऊ उठून उभे राहिले. "बार्नयार्ड! अहो, हे ओळखायला मला चार वर्षं लागली!"

या लोकांत गोठा, कडबा, चामडं आणि ओली माती ही स्तुती असते. पानांचे ढीग घालून ती आतल्या आत तापवून मुरवतात, तेव्हा अमोनिया सुटतो, त्याची ओळख मागे राहते. आप्पा अंधारातून म्हणाले, "आमची वखार हुंगायला कुणी मार्क दिलं न्हाईत." मी चवीच्या रकान्यात 23 लिहिले.

यशानं माणूस चढतो. दुसऱ्या टप्प्यात (सिगारचे तीन टप्पे असतात आणि प्रत्येकाची चव निराळी मानतात) साडूभाऊंनी थोडा धूर नाकातून सोडायला सांगितला. याच सुमारास ते केनेडींची गोष्ट सांगत होते. 1962 साली क्युबावरच्या बंदीवर सही करण्याआधी अध्यक्षांनी आपल्या प्रेस सचिवाला पिटाळून 1200 सिगार गोळा करून आणवले. पेट्रोल महागणार कळल्यावर आपण रात्री पंपावर रांग लावतो, तसंच हे, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि नाकाकडे निघालेला धूर रस्ता चुकून पोटात गेला.

आधी उचकी लागली. मग कानामागून घामाचा एक थेंब निघून सावकाश कॉलरपर्यंत आला, तो मला मोजता आला. पाण्याच्या टाक्या दोन होत्या त्या चार झाल्या. दीड इंच जपलेली राख चिवड्याच्या ताटलीत पडली. खालून बायकोनं गुळाचा खडा आणून तोंडात कोंबला. माझ्या जिभेबद्दल तिचं जुनं मत कायम असल्याचं तिच्या बोटांवरून कळलं.

"राहू द्या, राहू द्या," साडूभाऊ अर्धी उरलेली सिगार हळुवार ताटलीत ठेवत म्हणाले. "ही चुरगळून विझवायची नसते. आपल्या मानानं विझू द्यायची."

ती मानानं विझली. आम्ही तिघंही बघत होतो. मग आप्पांनी विचारलं, "आता ही टाकून देनार?"

कोणी काही म्हणायच्या आत त्यांनी ती उचलली, जळका भाग आणि ओलं टोक खुडून टाकलं, वरचं पान केळ्यासारखं सोललं आणि आतली पानं तळहातावर चुरली. खिशातून चुन्याची डबी निघाली. अंगठ्यानं मळणं, दोन थापा, साडूभाऊंची शिंक. बार ओठाआड गेला.

साडूभाऊंनी नकळत माझ्या हातातला तक्ता ओढून पेन उघडलं होतं.

बऱ्याच वेळानं आप्पा म्हणाले, "पान मुरलंय बेस. मळायला जरा चिवट हाय. कितीला पडली?"

साडूभाऊंनी या वेळी रुपयांत सांगितलं.

आप्पा कठड्यापर्यंत गेले होते, ते तिथूनच परत फिरले. "मग आज थुंकाया नगं," म्हणाले आणि तोंड मिटून जिना उतरू लागले.